दिवा उभा करा, हात मोकळे करा

दिवाळी सरली की निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात रात्रीची थंडी बोचू लागते. ऑक्टोबर छाटणीला महिना झालेला असतो, घड बाहेर पडून फुलोऱ्याकडे चाललेले असतात आणि नेमकी त्याच वेळी एखादी अवकाळी सर येऊन जाते. डाऊनीचा धोका दारात उभा. औषध पहाटेच पडले पाहिजे. ब्लोअर जोडून ठेवावा म्हणून रात्री नऊला ट्रॅक्टरला किल्ली मारावी, तर इंजिन दोनदा खोकते आणि गप्प बसते. दिवसभरात डिझेल तळाला गेले होते. आता टाकी भरली, पण लाईनमध्ये हवा शिरली. मिस्त्री पिंपळगावला राहतो, तो काही सकाळी दहाच्या आत येत नाही. मग पाना आपल्यालाच हातात घ्यावा लागतो.

हवा काढणे हे काही अवघड काम नाही. फिल्टरवरचा स्क्रू थोडा सैल करायचा, फीड पंपाचा हात वर-खाली करायचा, बुडबुडे थांबून नितळ डिझेल आले की स्क्रू आवळायचा. मग तेच इंजेक्शन पंपावर. पण एक हात फीड पंपावर, दुसरा पान्यावर. आता बॅटरी कोणी धरायची? तेव्हा घरातले पोरगं झोपेतून उठवले जाते. ते बिचारे कुडकुडत उभे राहते, पाच मिनिटांत हात खाली येतो आणि उजेड स्क्रूवरून सरकून चाकावर जातो. "अरे इकडं दाखव, कुठं बघतोयस!" हे वाक्य ज्या घरात कधी बोलले गेले नाही, असे ट्रॅक्टरवाले घर शोधून दाखवा.

शेतकरी बंधूंनो, आज बोलायचे आहे ते या तिसऱ्या हाताबद्दल. विषय छोटा वाटेल. पण बोट तुटणे, शॉक बसणे, फवारणी चुकणे या तिन्ही गोष्टी या एका हातापाशी येऊन थांबतात.

पोरगं कुठे उभे असते?

उजेड नीट पडावा म्हणून बॅटरी धरणारा माणूस इंजिनाला अगदी खेटून उभा राहतो. म्हणजे पंख्यापाशी, पट्ट्यापाशी, नाहीतर मागे पीटीओ शाफ्टजवळ. काम करणाऱ्याचे लक्ष स्क्रूवर आणि धरणाऱ्याचे डोळे झोपेने मिटलेले. हवा निघाली, इंजिन एकदम चालू झाले, की पंख्याजवळ गेलेली शालीची किंवा मफलरची कड ओढली जायला एक क्षण पुरतो. लहान मुलाला हे कळत नाही आणि आपण गडबडीत सांगायचे विसरतो.

म्हणून पहिला नियम असा की, दुरुस्तीच्या वेळी उजेड धरायला माणूस लागता कामा नये. उजेड स्वतः उभा राहिला पाहिजे, हवा तिकडे वळला पाहिजे आणि आपण वळवला तिथेच टिकला पाहिजे.

गोठ्यातला बल्ब इंजिनावर नको

पुष्कळ ठिकाणी यावर जुना तोडगा आहे. गोठ्यातल्या प्लगवरून वायर ओढायची, टोकाला होल्डर आणि बल्ब लावायचा आणि तो बॉनेटच्या कडेला टांगायचा. हात मोकळे होतात हे खरे. पण हा दिवा २३० व्होल्टचा आहे. जमीन ओली, पायात चप्पल, हात डिझेलने बरबटलेले आणि वायरला दोन ठिकाणी चिकटपट्टी. ट्रॅक्टरच्या पत्र्यावर वायर सोलली गेली तर सगळे धूड जिवंत होऊ शकते. शिवाय साधा बल्ब जितकी वीज खातो तिचा बहुतेक भाग उष्णतेत घालवतो. मोठ्या बल्बची काच शंभर अंशांच्या पुढे तापते. तिच्यावर गार डिझेलचा थेंब उडाला की काच तडकते आणि आत तापलेली तार उघडी पडते. पेट्रोलच्या गाडीपाशी तर असा बल्ब नेऊच नये, कारण पेट्रोलची वाफ थंडीतही पेट घेते.

कारखान्यांसाठी ही गोष्ट कायद्याने फार पूर्वी ओळखली. १९४८ च्या कारखाना कायद्यात १९७६ साली ३६-अ हे कलम घालण्यात आले. टाकी, खड्डा, मोठा पाईप अशा कोंडलेल्या जागेत पुरेशी सुरक्षा साधने नसतील तर २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हलता दिवा वापरू नये, असे त्यात सांगितले होते. पेट घेणारी वाफ असण्याचा संभव असेल तर ज्वालारोधक बनावटीचाच दिवा हवा, असेही होते. पुढे कायद्यांची नावे बदलली, विजेचा स्वभाव बदलला नाही. सातपूर-अंबडच्या कामगारासाठी जो विचार कायद्याने केला, तो आपल्या शेडमध्ये आपणच करायचा आहे.

बारा व्होल्ट आपल्याजवळच आहेत

गंमत अशी की सुरक्षित वीज शोधायला लांब जावे लागत नाही. ट्रॅक्टरची स्वतःची बॅटरी १२ व्होल्टची असते. पूर्वी अडचण ही होती, की १२ व्होल्टवर चांगला उजेड हवा तर हेडलाईटसारखा ५५ वॅटचा बल्ब लागे आणि तो साडेचार अँपिअर ओढे. तासभरात इंजिन चालू झाले नाही तर जुनी बॅटरी पार बसायची.

एलईडीने हा हिशोब बदलला. १९९० च्या दशकात तेजस्वी निळी एलईडी हाती आली आणि तिच्यामुळे पांढरा उजेड शक्य झाला. या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल मिळाले. आपल्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की, ५ वॅटची एलईडी जवळपास ४० वॅटच्या जुन्या बल्बइतका उजेड देते आणि १२ व्होल्टवर अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी ओढते. म्हणजे दोन तासांत एक अँपिअर-अवरसुद्धा खर्च होत नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीला ते जाणवतही नाही.

दिवा कसा असावा?

बाजारात तीन तऱ्हा मिळतात. पहिली, बुडाला लोहचुंबक आणि वर वाकणारी मान असलेला दिवा. इंजिनाच्या बिडाला किंवा चेसिसला तो चिकटतो. फायबरच्या बॉनेटला आणि ॲल्युमिनियमच्या भागाला मात्र चिकटत नाही, तिथे आकडा किंवा चिमटा हवा. सायलेन्सरजवळ कधी लावू नका. ताकदवान चुंबकाची पकड उष्णतेने ढिली पडते आणि दिवा नेमका पंख्यात पडतो.

दुसरी, बॉनेटखाली आडवी अडकवायची लांब पट्टी. ट्रॅक्टर रस्त्यात बंद पडला आणि संपूर्ण इंजिन न्याहाळायचे असेल तर ही चांगली.

तिसरी, डोक्याला बांधायची बॅटरी. रात्रीच्या पाळीने पाणी भरणाऱ्यांनी साप-किरडू आणि बिबट्याच्या धास्तीने ती केव्हाच आपलीशी केली आहे. मान वळेल तिकडे उजेड जातो, हा तिचा मोठा गुण. पण चकचकीत धातूवरून तो डोळ्यांत उलटतो. म्हणून जाणता मिस्त्री दोन्ही वापरतो: एक दिवा बाजूने उभा आणि एक कपाळावर, मंद केलेला.

जागा निवडताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. दिवा पाठीमागून आला तर आपल्याच डोक्याची सावली कामावर पडते. तो बाजूने, थोडा वरून यावा. दुसरे म्हणजे अंतर. दिवा एका फुटावरून दोन फुटांवर नेला तर कामावर पडणारा उजेड निम्मा होत नाही, चौथ्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे लांबच्या खांबावरच्या मोठ्या दिव्यापेक्षा हाताजवळचा छोटा दिवा जास्त कामाचा. मोठे वॅट पाहून पैसे घालू नका.

उजेडाचा रंगही पाहून घ्या. इंजिन ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे. ही खूण मिणमिणत्या पिवळ्या बॅटरीत निसटते. अगदी निळसर स्वस्त दिव्यात लाल आणि तपकिरी वायर ओळखू येत नाही. विकत घेताना दुकानात दिव्याखाली आपल्या तळहाताकडे बघा. हात प्रेतासारखा निळा दिसला तर दिवा परत ठेवा.

घरी बनवायचा असेल तर

मोटरसायकलला लावतात तसला १२ व्होल्टचा छोटा एलईडी दिवा, वाकणारी नळी, भंगारातल्या स्पीकरचे गोल चुंबक, दहा फूट चांगली दुपदरी वायर, दोन चिमटे आणि एक फ्यूज. खर्च एका फवारणीच्या औषधापेक्षा कमी येतो. फ्यूज विसरू नका आणि तो बॅटरीकडच्या टोकाशी, लाल वायरवरच घाला. १२ व्होल्टने शॉक बसत नाही, पण वायर शॉर्ट झाली तर तीच बॅटरी वायर जाळून आग लावू शकते. दोन किंवा तीन अँपिअरचा फ्यूज पुरतो.

जोडण्याचीही रीत आहे. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने भडका उडू शकतो. म्हणून दिव्याचे बटण बंद ठेवून आधी लाल चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा. काळा चिमटा बॅटरीपासून दूर, चेसिसच्या उघड्या लोखंडाला लावा. काढताना आधी काळा, मग लाल. स्टार्टर किंवा वायरिंगचे काम असेल तर बॅटरीची केबल काढूनच ठेवावी लागते. तेव्हा चार्जिंगचा दिवाच कामाला येतो.

एवढे मात्र पाळा

दिव्याची वायर पंखा आणि पट्ट्यापासून लांब बांधा. इंजिन चालू करण्याआधी दिवा, पाना आणि माणसे बाजूला झाली का, ते बघा. घरच्या विजेवरचा दिवा वापरणे अगदीच भाग पडले तर लाईनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच. अशा विजेवरचे काही स्वस्त एलईडी दिवे डोळ्यांना न कळेल असे लुकलुकतात आणि त्या उजेडात फिरणारा पंखा थांबलेला भासू शकतो.

नोझलच्या पाईपमधून डिझेल कुठे गळते हे हात फिरवून शोधू नका. तो फवारा कातडी भेदून आत जातो. पुठ्ठा समोर धरा आणि दिवा बाजूने ठेवा, फवारा लख्ख दिसतो. हायड्रोलिकवर उचललेल्या अवजाराखाली लाकडी ठोकळा लावल्याशिवाय डोके घालू नका, उजेड कितीही चांगला असला तरी.

गावाने काय करावे?

सरपंच आणि भाऊसाहेबांना एक विनंती. पाणीपुरवठ्याचा पंप रात्री बिघडला की कर्मचारी तोंडात बॅटरी धरून स्टार्टर खोलतो, हे आपण पाहिले असेल. पंपघरात चुंबकाचा एक आणि कपाळाचा एक असे दोन चार्जिंगचे दिवे ठेवले, तर तेच दिवे गावातल्या अडलेल्या ट्रॅक्टरलाही उपयोगी पडतील. रजिस्टरला नोंद करून द्यावेत, सकाळी परत घ्यावेत. सोसायटीनेही हे करायला हरकत नाही. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल किंवा मेकॅनिक ट्रॅक्टर शिकून आलेला एखादा तरुण प्रत्येक मोठ्या गावात असतो. हंगामाआधी एका संध्याकाळी चावडीसमोर ट्रॅक्टर उभा करून त्याच्याकडून हवा काढण्याचे काम दाखवून घ्यावे, आणि तेही एकट्याने, उभ्या दिव्याच्या उजेडात.

यंदाच्या छाटणीआधी औषधांची यादी कराल तेव्हा तिच्या तळाला एक दिवा लिहून टाका. रात्री नऊला ट्रॅक्टर अडला तर चिमटे लावा, दिवा वळवा आणि दोन्ही हातांनी काम उरका. पोराला झोपू द्या, त्याची सकाळी शाळा आहे.