प्रार्थनेची चाल लावणारे वसंत देसाई

सकाळची घंटा होते, मुले पटांगणात रांगा करून उभी राहतात आणि शेकडो मुखांतून प्रार्थनेचा एकच सूर निघतो. हा प्रसंग आपल्या सर्वांच्या नित्य परिचयाचा आहे. एके दिवशी आम्ही वर्गात विचारले, "'ऐ मालिक' ह्या शब्दांनी आरंभ होणारी प्रार्थना तुम्ही म्हणता, तिची चाल कोणी लाविली?" कोणी म्हणाले, ती फार जुनी आहे, कोणी म्हणाले, एखाद्या साधूची असेल. खरे उत्तर एकाकडूनही आले नाही. पुढे पालकसभेत एका सद्गृहस्थांनी तक्रार केली की, सिनेमाच्या गाण्यांनी मुलांची अभिरुची बिघडते. त्यांची काळजी अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणत नाही. परंतु सभेच्या आरंभी जी प्रार्थना होताना ते हात जोडून उभे होते, ती सिनेमातूनच आलेली होती! म्हणून तिच्या संगीतकाराचा परिचय विद्यार्थी व पालक ह्या उभयतांस करून द्यावा, असे आम्हांस वाटले.

वसंत देसाई ह्यांचा जन्म १९१२ साली तत्कालीन सावंतवाडी संस्थानातील सोनवडे ह्या गावी झाला. हा मुलूख आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडतो. दशावतारी नाटके व भजने ह्यांचे तेथे घरोघर वेड. १९२९ साली कोल्हापुरास प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली आणि हा तरुण तेथे दाखल झाला. पहिल्याच दिवशी कोणी त्यास संगीतकाराच्या आसनावर बसविले नाही. 'खुनी खंजर' ह्या १९३० सालच्या मूकपटात त्याने काम केले. १९३२ सालच्या 'अयोध्येचा राजा' ह्या बोलपटात तो गायिला. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे व मास्तर कृष्णराव ह्यांसारख्या थोर संगीतकारांच्या हाताखाली राहून, पडेल ते काम करीत त्याने विद्या संपादन केली. पुढे व्ही. शांताराम ह्यांनी प्रभात सोडून मुंबईस राजकमल कलामंदिर ही संस्था काढली व तिच्या १९४३ सालच्या 'शकुंतला' चित्रपटाचे संगीत देसायांकडे सोपविले. म्हणजे उमेदवारीस आरंभ होऊन तोपर्यंत तेरा-चौदा वर्षे लोटली होती. परीक्षेचा निकाल दोन महिन्यांत लागला नाही तर धीर सोडणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा हिशेब ध्यानी ठेवावा.

चित्रपटातील संगीतकाराचे काम तरी कोणते? कवी शब्द देतो, गायक गळा देतो; पण कोणत्या शब्दावर थांबावे, कोणता चढवावा, कोठे वाद्याने बोलावे व कोठे मौन राखावे, हे संगीतकार ठरवितो. देसायांची बैठक शास्त्रीय संगीताची होती. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) ह्या चित्रपटाचे शीर्षकगीत त्यांनी उस्ताद अमीर खाँ ह्यांजकडून गाऊन घेतले, तर 'गूँज उठी शहनाई' (१९५९) मध्ये उस्ताद बिस्मिल्ला खाँ ह्यांची सनई ऐकविली. शाहीर होनाजी बाळा ह्यांच्या जीवनावरील 'अमर भूपाळी' (१९५१) हा मराठी चित्रपट फ्रान्स देशातील कान महोत्सवापर्यंत पोहोचला व १९५२ साली तेथे ध्वनिमुद्रणाबद्दल गौरविला गेला. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे ह्यांनी काढलेल्या 'श्यामची आई' (१९५३) ह्या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्याचेही संगीत देसायांचेच.

परंतु त्यांचे खरे कौशल्य आम्हांस दिसते ते प्रार्थनेत. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) ह्या चित्रपटात एक तुरुंगाधिकारी सहा खुनी कैद्यांना मोकळ्या शेतावर नेतो व विश्वासाच्या बळावर त्यांस माणसांत आणतो. ह्या कथेस औंध संस्थानातील खुल्या तुरुंगाच्या प्रयोगाचा आधार होता. (हे औंध सातारकडील, आपल्या जिल्ह्यातील औंढा नव्हे.) त्यातील प्रार्थना भरत व्यास ह्यांनी रचिली, लता मंगेशकरांनी गायिली आणि देसायांनी तिला भैरवीची चाल दिली.

आता सोपी चाल लावण्यात कसले कौशल्य, असे कोणी विचारील. नामदेवरायांच्या नरसीचा शेजार लाभलेल्या आपणांस ह्याचे उत्तर दूर शोधावयास नको. जो अभंग सारी दिंडी म्हणते, त्याची चाल फार उंच जाऊन चालत नाही. ओळ एका दमात संपावी लागते. शब्द तानेखाली दडपून चालत नाहीत. शिवाय इतके सोपेपण असूनही ती रोज म्हटली तरी विटू नये! गवयाच्या एका गळ्यासाठी चाल बांधणे कठीण खरे. पण कधी न शिकलेल्या शंभर गळ्यांसाठी ती बांधणे त्याहून कठीण आहे.

हे कठीण काम देसायांनी पुनःपुन्हा केले. १९७१ सालच्या 'गुड्डी' चित्रपटात शाळेतील मुलींच्या तोंडी घातलेली, मनाचे बळ मागणारी प्रार्थना त्यांचीच. शब्द गुलजारांचे, राग केदार. १९६६ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघात एम. एस. सुब्बुलक्ष्मी ह्यांनी जगाच्या मैत्रीसाठी जे संस्कृत गीत गायिले, ते कांचीच्या शंकराचार्यांनी रचिले होते व त्याची चाल मराठी मुलखातील ह्याच संगीतकाराची होती.

दिनांक २२ डिसेंबर १९७५ रोजी दिवसभर ध्वनिमुद्रणाचे काम करून ते मुंबईतील आपल्या घरी परतले आणि इमारतीच्या उद्वाहकाच्या अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांचे अखेरचे दिवसही कामातच गेले.

पालकांस आमची विनंती एवढीच की, गाणे सिनेमातील आहे एवढ्यावरून त्याचा निवाडा करू नये. ते मुलाच्या मनात काय ठेवून जाते, हे पाहावे. आणि विद्यार्थ्यांनो, उद्या सकाळी घंटा होईल तेव्हा शब्द केवळ ओठांनी उरकू नका. ज्यांच्यासाठी ती चाल बांधली, ते कैदी होते. चांगले होता येईल अशी आशा त्यांस प्रथमच कोणी दाविली होती. तितक्या गरजेने ती म्हणून पाहा.