घरची मोटारसायकल : निवड, कागद आणि निगा

आपल्या मोहल्ल्यात आज मोटारसायकल नसलेले घर क्वचितच सापडते. अब्बांची ड्युटी, मुलांची शाळा, अम्मीचा दवाखाना, आठवडी बाजार, लग्नाची दावत, कब्रस्तानापर्यंतची धावपळ, सगळे त्याच एका गाडीवर चालते. राहते घर सोडले तर कष्टाच्या कमाईतून घेतलेली ही बहुधा सर्वांत मोठी वस्तू असते. तरीही ती घेताना आपण रंग पाहतो, घेतल्यावर किल्ली मुलाच्या हाती देतो आणि कागद कपाटात ठेवून विसरून जातो.

आम्ही शिक्षक मंडळी सकाळी शाळेच्या फाटकावर उभी असतो. टाकीवर धाकटा, मध्ये थोरली, मागे बुरख्यातली अम्मी आणि तिच्या मांडीवर दप्तरे अशा गाड्या रोज पाहतो. त्या पालकांशी वेळोवेळी जे बोलणे होते, तेच येथे एकत्र मांडत आहोत.

गाडी कोणासाठी?

एक काळ राजदूत, येझदी आणि स्कूटरचा होता. १९८५ मध्ये हिरो होंडाची चार स्ट्रोकची सीडी १०० आली आणि कमी पेट्रोल पिणारी गाडी म्हणजे काय ते सामान्य माणसाला कळले. त्याच वर्षी बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि मराठवाड्यातील कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. तिचे नाव आज खेड्यापाड्यात मोटारसायकलीलाच पर्यायी शब्द झाले आहे. या साध्या १०० ते १२५ सीसीच्या गाड्या एवढ्या टिकून का राहिल्या? कारण त्यांचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि त्यांची नस कोणत्याही मिस्त्रीला माहीत असते.

गाडी निवडताना घरात बसून थोडा हिशेब करावा. समजा रोज ४० किलोमीटर जाणे-येणे आहे आणि महिन्याचे २५ दिवस कामाचे. म्हणजे महिन्याला १००० किलोमीटर. लिटरला ६० किलोमीटर जाणाऱ्या गाडीला सुमारे १७ लिटर पेट्रोल लागेल, ४५ किलोमीटर जाणाऱ्या गाडीला सुमारे २२ लिटर. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरले तरी फरक महिन्याला साडेपाचशे रुपयांचा, म्हणजे वर्षाला सहा हजारांहून अधिक. एका मुलाची वह्या-पुस्तके आणि गणवेश त्यात सहज होतात. तरुण मुलाला उंच सीटची, मोठ्या इंजिनाची गाडी हवी असते. पण त्या सीटवर दादी बसू शकते का, हेही पाहिले पाहिजे. मागची सीट रुंद, सपाट आणि धरायला कडी असलेली असावी.

ब्रेककडेही लक्ष द्यावे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांमध्ये १२५ सीसीपर्यंत सीबीएस आणि त्याहून मोठ्या इंजिनाला एबीएस सक्तीचे झाले. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. एबीएसमध्ये जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होत नाही. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर याचे मोल कळते.

रोख, हप्ता की भिशी?

शोरूममध्ये किंमत विचारली की उत्तर बहुधा हप्त्यात मिळते. “महिन्याला फक्त एवढे भरा.” आपल्याकडे व्याजाचा प्रश्न दीनाचा आहे, पण नुसत्या गणिताच्या अंगाने पाहिले तरी डोळे उघडतात. ६०,००० रुपयांचे कर्ज, “दहा टक्के फ्लॅट”, मुदत तीन वर्षे. व्याज झाले १८,००० रुपये, एकूण परतफेड ७८,०००, हप्ता सुमारे २,१६७ रुपये. ऐकायला दर दहा टक्के वाटतो. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण ६०,००० वर लावलेले असते. घटत्या मुद्दलावर हिशेब केला तर हाच दर सुमारे १८ टक्के पडतो. नववीच्या वर्गात हे उदाहरण फळ्यावर सोडवले की मुले घरी जाऊन वडिलांना विचारतात. विचारलेच पाहिजे.

यावर मोहल्ल्यात चालणारा जुना उपाय भिशीचा. वीस विश्वासू माणसांनी महिन्याला तीन हजार काढले तर ज्याचा नंबर लागेल त्याच्या हाती साठ हजार येतात आणि कोणालाही जास्त भरावे लागत नाही. मात्र वही ठेवावी, सह्या घ्याव्यात आणि दोन साक्षीदार असावेत. दुसरा उपाय म्हणजे हातात असलेल्या पैशात चांगली जुनी गाडी घेणे.

जुनी गाडी पाहताना

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर खुशाल दुसऱ्या दिवशी यावे. पहिल्या-दुसऱ्या किकमध्ये चालू होते का ते पाहावे. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जळत आहे, म्हणजे पिस्टन-रिंगचा किंवा व्हॉल्व्हचा खर्च समोर उभा आहे. काळा धूर असेल तर पेट्रोल जास्त जळते आहे, किंवा एअर फिल्टर कोंडला आहे.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये, तो बदलता येतो. पायाखालचे रबर आणि ब्रेकचे पॅडल मात्र खरे बोलतात. मीटरवर पंधरा हजार आणि पॅडल घासून गुळगुळीत, असे असेल तर समजून घ्यावे. मागच्या चेनचक्राचे दाते आकड्यासारखे वाकले असतील तर चेन-सेट बदलावा लागेल. मेन स्टँडवर लावून पुढचे चाक उचलावे आणि हँडल हळू फिरवावे. मध्येच अडकल्यासारखे वाटले तर बेअरिंग गेले आहे. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर ती कधीतरी जोरात आदळली आहे.

शेवटी आरसी पुस्तकातला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर अक्षर जुळवावा. चलन थकले आहे का, विमा आणि पीयूसी चालू आहे का, पुस्तकावर फायनान्सचा बोजा आहे का, हे पाहावे. बोजा असेल तर फायनान्सवाल्यांचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर ती दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. तेराव्या-चौदाव्या वर्षाची गाडी स्वस्त का मिळते, याचे एक कारण हेही आहे.

आणि आपण विकणारे असू, तर गाडीतला दोष स्वतः सांगावा. दोष लपवून केलेल्या सौद्यात बरकत नसते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते फक्त धान्याच्या ढिगाला लागू नाही, गिअर बॉक्सच्या आवाजालाही लागू आहे.

नाव कोणाचे?

सर्वांत जास्त घरे येथे अडकतात. गाडी विकली, पैसे मोजले, स्टॅम्पवर सही झाली आणि विषय संपला असे मानले जाते. तो संपत नाही. आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. त्या गाडीने अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून घ्यावेच. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे असते, घेणाऱ्याने ३० दिवसांत. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा.

दुसरी बाब नाजूक आहे. वडिलांचा इंतेकाल होतो, चाळीसावा होतो, गाडी मात्र वर्षानुवर्षे त्यांच्याच नावावर धावत राहते. ती काढून टाकावी असे कुणाला वाटत नाही, नाव बदलायला हात धजावत नाही. पण नियमाप्रमाणे वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरायचा असतो.

यात फक्त दंडाचा प्रश्न नाही. दुचाकीच्या विम्यासोबत मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. ते मिळते नोंदणीकृत मालकाला, तो स्वतः चालवत असताना आणि त्याच्याकडे वैध परवाना असेल तरच. गाडी मरहूम वडिलांच्या नावावर आणि चालवणारा मुलगा, अशा वेळी मुलाला काही झाले तर त्याच्या बायको-मुलांच्या हाती या संरक्षणातले काही येत नाही. आज रात्री कपाटातून आरसी काढून नाव वाचा. पाच मिनिटांचे काम आहे.

ओढणी, बुरखा आणि मागचे चाक

आपल्या घरातील स्त्रिया बहुधा एका बाजूला पाय सोडून बसतात. बुरख्याचा घेर, ओढणीचे टोक, साडीचा पदर वाऱ्याने मागच्या चाकाकडे ओढला जातो. कापड आऱ्यांत किंवा चेनमध्ये सापडले की डोळ्याचे पाते लवायच्या आत माणूस खाली येतो. ओढणी गळ्याभोवती असेल तर काय होते, ते लिहिण्याची गरज नाही.

कायद्याने याची दखल घेतलेली आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमानुसार प्रत्येक मोटारसायकलीला मागच्या माणसासाठी हाताने धरायची कडी, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकेल असे संरक्षण असलेच पाहिजे. तीच ती साडीगार्ड. हौशी मुले गाडी घरी येताच पहिल्यांदा हीच जाळी काढून टाकतात, “लूक खराब होतो” म्हणून. त्या मुलाला एवढेच विचारावे की या गाडीवर अम्मी बसणार आहे की नाही? जाळी तुटली असेल तर नवी बसवायला फार खर्च येत नाही. निघण्यापूर्वी बुरख्याचा घेर गोळा करून मांडीखाली घ्यावा, ओढणीला मागे गाठ मारावी आणि चालवणाऱ्याने “जमले का?” असे विचारूनच गिअर टाकावा.

कायद्याने मागे एकच माणूस बसू शकतो. हेल्मेट चार वर्षांवरील प्रत्येकाला लागते, मागच्यालाही. चार वर्षांच्या आतील मुलासाठी फेब्रुवारी २०२३ पासून सुरक्षा पट्टा, लहान हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. स्कार्फ असल्याने हेल्मेट बसत नाही, अशी तक्रार भगिनी करतात. पातळ सुती स्कार्फ सपाट बांधावा, मागे गाठ ठेवू नये आणि स्कार्फ घालूनच दुकानात हेल्मेट मापून घ्यावे. त्यावर आयएसआयची खूण असावी आणि हनुवटीचा पट्टा बांधलेला असावा. नुसते डोक्यावर ठेवलेले हेल्मेट टोपीच्या कामाचे असते.

आठवड्याची पंधरा मिनिटे

जुम्याच्या सकाळी गाडी धुवायची पद्धत अनेक घरांत आहे. त्याला एवढी जोड द्यावी.

टायरची हवा थंड टायरमध्ये मोजावी. आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, आणि मागे माणूस बसणार असेल तर मागच्या टायरला जास्त हवा लागते.

चेन मेन स्टँडवर, इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवत साफ करावी. चालू इंजिनवर चेन पुसताना बोटे गेल्याची उदाहरणे प्रत्येक मिस्त्रीकडे ऐकायला मिळतात. जुन्या ब्रशने घाण काढून गिअर ऑइल लावावे आणि जास्तीचे पुसून घ्यावे. चेन बोटाने वर-खाली करून पाहावी. साधारण दोन ते तीन सेंटीमीटर हालचाल ठीक असते, नेमके माप पुस्तकात असते.

ऑइलची पातळी सपाट जागेवर पाहावी. या छोट्या इंजिनांत साधारण लिटरभरच ऑइल मावते, त्यामुळे थोडी घटही महागात पडते. क्लच आणि ब्रेकच्या वायरीचे धागे सुटू लागले की तुटण्याची वाट न पाहता बदलाव्यात. दिवे, इंडिकेटर आणि हॉर्न तपासावेत.

पावसात गाडी बंद पडली तर आधी प्लगची टोपी काढून कोरडी करून पाहावी. बहुतेक वेळा दुखणे तेथेच असते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुधा कार्ब्युरेटर नसतो, फ्युएल इंजेक्शन असते. तेथे स्क्रू फिरवून काही साधत नाही. बॅटरी अशक्त झाली की ती गाडी रुसते. तिचा पिवळा दिवा पेटून राहिला तर जाणत्याकडेच न्यावी.

मिस्त्री आणि त्याच्या हाताखालचा मुलगा

चांगला मिस्त्री काढलेला भाग हातात देतो आणि काय झिजले ते दाखवतो. काम सांगण्यापूर्वी अंदाज विचारावा, जुना भाग परत मागावा आणि मजुरीत घासाघीस करू नये. त्याच्या हुनराची ती किंमत आहे.

त्याच गॅरेजात पाने पुसणारा बारा वर्षांचा मुलगा दिसला, तर मात्र आम्हा शिक्षकांना आमच्या हजेरीपटावरची रिकामी जागा आठवते. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे कायद्याने मना आहे. या धंद्यात हुनर आहे, इज्जत आहे, रोजी आहे. पण दहावी करून आयटीआयमधून दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम केलेला मुलगा इंजेक्शनची गाडीही उघडतो आणि बँकेचा अर्जही भरतो. पाने पुसण्यात बालपण गेलेला मुलगा उस्तादाच्या सावलीतच राहतो.

किल्ली कोणाच्या हाती?

नववी-दहावीतली मुले गाडी घेऊन येतात आणि शाळेपासून दोन गल्ल्या मागे लावतात. पालक म्हणतात, “सर, तो फार सांभाळून चालवतो.” अठरा वर्षांखालील मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. पण आम्ही पालकांना कलमे सांगत बसत नाही. समोरून ट्रक आला तर किती अंतरावर ब्रेक दाबायचा, याचा अंदाज चौदा-पंधराव्या वर्षी येत नसतो, एवढेच सांगतो. मुलाला गाडी द्यायचीच असेल तर आधी कापड आणि ब्रश द्यावा. चार वर्षे त्याने ती पुसावी, चेनला तेल घालावे, हवा मोजावी, अब्बांच्या मागे बसून रस्ता पाहावा. अठराव्या वर्षी परवाना निघेल तेव्हा गाडी काय चीज आहे हे त्याला कळलेले असेल.

सवारीची दुआ पढून निघणे ही आपल्याकडची सुंदर रीत आहे. ती पढण्याआधी हेल्मेटचा पट्टा बांधावा, मागच्या माणसाची ओढणी पाहावी आणि ब्रेक एकदा दाबून घ्यावा. घरी वाट पाहणाऱ्यांचा तेवढा हक्क आपल्यावर आहे.