विश्लेषण : जव्हार-मोखाड्याच्या ताटात काय असावे, हे कोण ठरवते?

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे तालुके पावसाळ्यात बातम्यांत येतात, ते बहुधा कुपोषणामुळे. योजना जाहीर होतात, पथके येतात, पाऊस ओसरला की विषयही ओसरतो. प्रत्यक्षात या दोन तालुक्यांत योजनांची वानवा कधीच नव्हती. गरोदर बाईला गरम जेवण, बालकाला अंडे, घरपोच शिधा, रेशनचे मोफत धान्य, शाळेत पोषण आहार, असे सगळे कागदावर आहे. अन्नाबाबत ठरवण्याचा कायदेशीर अधिकार आणि थोडा पैसा ग्रामसभेकडेही आहे. तरीही ताटात काय पडते, याचा निर्णय अजून मुंबई-दिल्लीतच होतो. असे का, आणि गावाला त्यात कितपत वाव आहे?

भात-नागली पिकवणाऱ्या तालुक्यांत उपासमार कशी?

जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. पण डोंगरउतारावरून तो वाहून जातो आणि बहुतेक शेती एका खरिपावर संपते. खाचरात भात, वरकस जमिनीवर नागली (नाचणी) आणि वरई, जोडीला उडीद, तूर, खुरासणी. दाणा घरात येतो तो दिवाळीच्या सुमारास आणि लहान धारणेच्या कुटुंबाला तो जेमतेम काही महिने पुरतो. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होते. नेमके तेव्हाच लावणीचे सर्वांत कष्टाचे काम असते, आजार वाढतात आणि ओढ्यांना पूर आल्याने पाड्यांचे रस्ते तुटतात. या काळासाठी सावकाराकडून उसने घेतलेले धान्य म्हणजे ‘खावटी’. हा शब्द पुढे सरकारनेच उचलला. आदिवासी विकास महामंडळाची खावटी कर्ज योजना त्यातूनच आली आणि करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, प्रत्येक पात्र कुटुंबाला चार हजार रुपयांचे खावटी अनुदान मंजूर झाले. निम्मे रोख, निम्मे वस्तूंच्या रूपात.

वर्षाचा दुसरा कठीण काळ दिवाळीनंतरचा. काम नसल्याने कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. मुले सोबत जातात किंवा आजी-आजोबांकडे राहतात. दोन्ही ठिकाणी आहाराची आबाळ होते.

पाण्याचीही कथा विचित्रच. मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण मोखाड्याच्या परिसरात आहे आणि उन्हाळ्यात त्याच मोखाड्यातील पाड्यांना टँकर लागतो. पाणीच नसेल तर हिवाळी भाजीपाला कुठून येणार?

१९९२पासून काय बदलले?

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे शंभराहून अधिक बालकांचे कुपोषणाने मृत्यू झाल्याचे समोर आले आणि राज्य हादरले. त्यानंतर जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आले, आरोग्य यंत्रणेकडे लक्ष गेले. ऑगस्ट २०१४ मध्ये ठाण्यातून फुटून पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. मुख्यालय जवळ येईल, ही त्यामागची एक अपेक्षा. दोनच वर्षांत, २०१६ च्या पावसाळ्यात, मोखाड्यातील खोच गावातील बालमृत्यूने तोच प्रश्न पुन्हा उभा केला. भेटीला आलेल्या मंत्र्यांना ग्रामस्थांच्या संतापाला सामोरे जावे लागले, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानेही दखल घेतली. कार्यालये वाढली हे खरे. पण आषाढातली कणगी कार्यालयाने भरत नाही.

अमृत आहार योजना वेगळी का ठरली?

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना राज्याने २०१५च्या अखेरीस अनुसूचित क्षेत्रात सुरू केली. गरोदरपणाच्या अखेरच्या काळात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यांत बाईने अंगणवाडीत यायचे आणि तिथेच एक वेळचे पूर्ण जेवण जेवायचे. भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू, अंडे किंवा केळी, असे ते ताट. २०१६ पासून लहान मुलांसाठी आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी देण्याचा दुसरा टप्पा सुरू झाला.

‘तिथेच जेवायचे’ ही अट महत्त्वाची आहे. घरपोच शिधा घरी गेला की तो सगळ्या घराचा होतो. चार तोंडांत वाटला गेला की गरोदर बाईच्या वाट्याला चमचाभर उरतो. घरात सर्वांत शेवटी जेवणारी तीच असते. अंगणवाडीतले ताट मात्र तिचे एकटीचे.

दुसरे वैशिष्ट्य कारभाराचे. खरेदीसाठी जिल्ह्याचा ठेकेदार नाही. गावपातळीवर आहार समिती, तिच्यात ग्रामपंचायतीची निवडून आलेली महिला सदस्य आणि अंगणवाडी सेविका, आणि पैसे समितीच्या बँक खात्यात. भाजी, अंडी, डाळ गावातून किंवा जवळच्या बाजारातून घ्यायची मुभा. स्थानिक अन्नधोरण असे जे जगभर म्हटले जाते, त्याचा हा छोटासा पण खराखुरा नमुना आहे. त्याला कोणी तसे म्हणत नाही, एवढेच.

अडचणीही इथेच सुरू होतात. पाडे विखुरलेले. लावणीच्या दिवसांत सात महिन्यांची गरोदर बाईसुद्धा शेतावर असते. दुपारी चिखल तुडवत अंगणवाडी गाठून जेवायचे म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवायची. निधी उशिरा आला की किराणा दुकानात सेविकेच्या नावावर उधारी चढते आणि उधारी वाढली की ताटातून आधी अंडे जाते, मग भाजी. शेवटी डाळ-भात उरतो.

ताटाचा दर कोण ठरवते?

राज्य सरकार. अमृत आहाराच्या एका ताटासाठी सुरुवातीला २२ रुपये होते, नंतर २५ आणि पुढे ३५ झाले. या ३५ रुपयांत वर दिलेले सगळे पदार्थ बसवायचे, इंधनासह. शेंगदाणा, गूळ आणि डाळीचे बाजारभाव ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हे गणित समजावून सांगायची गरज नाही. अंगणवाडीच्या नेहमीच्या पूरक आहाराचा २०१७ मध्ये ठरलेला केंद्र-राज्याचा दर तर बालकामागे दिवसाला ८ रुपये, गरोदर व स्तनदा मातेसाठी साडेनऊ रुपये आणि तीव्र कमी वजनाच्या बालकासाठी १२ रुपये असा आहे. अन्न सुरक्षा कायद्याने मात्र तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने देण्याचे बंधन घातले आहे. बंधन एका खात्यात आणि दर दुसऱ्या खात्यात ठरला की मधली तफावत पातळ आमटीतून भरून काढली जाते.

शालेय पोषण आहारातील अंड्याचा अनुभवही असाच. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा सरकारी निधी थांबला आणि अंडे हवेच असेल तर लोकसहभागातून आणा, असे शाळांना सांगण्यात आले. शहरालगतच्या शाळेला लोकसहभाग मिळेलही. मोखाड्याच्या पाड्यावर ‘लोक’ म्हणजे त्याच मुलांचे आईबाप.

ठेकेदारी हा यातला जुना तिढा. अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नकोत, ही कामे महिला मंडळे व स्थानिक बचत गटांना द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितले होते. तरी महाराष्ट्राच्या घरपोच आहाराच्या निविदा अशा अटींनी निघाल्या की गावातला बचत गट त्यात उतरूच शकत नव्हता. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने त्या रद्द केल्या. पंधरा वर्षे गेली ती ‘स्थानिक’ या एका शब्दाचा अर्थ लावण्यात.

इथली नागली इथल्या अंगणवाडीत का जात नाही?

शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. सडलेल्या पांढऱ्या तांदळात ते दहाच्या आत-बाहेर. तरीही रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य येते ते मुख्यतः तांदूळ-गव्हाचे. मोफत तांदळाने उपासमार टाळली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याचबरोबर नागली पिकवण्याचे एक कारणही कमी झाले. राब जाळून रोप तयार करा, उतारावर लावणी करा, हाताने कापणी-मळणी करा, आणि शेवटी व्यापारी सांगेल तो भाव घ्या. नाचणीला केंद्राची किमान आधारभूत किंमत आहे, २०२५-२६ साठी क्विंटलला ४,८८६ रुपये. पण जवळ खरेदी केंद्र नसेल तर तो आकडा कागदावरच राहतो. वरईला तर केंद्राची आधारभूत किंमतच नाही. वरई सडणे हे बायकांच्या माथी पडणारे सर्वांत किचकट काम. गावात भरडणी यंत्र नसेल तर ती तशीच विकली जाते आणि शहरात उपवासाची भगर म्हणून चढ्या भावाने खपते.

हे टाळता येते, याची उदाहरणे भारतातच आहेत. ओडिशाने २०१७ पासून आदिवासी भागांत भरडधान्य अभियान राबवले. सरकारने नाचणी विकत घेतली, काही भागांत रेशनवर दिली आणि केओंझरसारख्या जिल्ह्यात अंगणवाडीतल्या मुलांना नाचणीचे लाडू दिले. कर्नाटकातही रेशनवर नाचणी मिळते. ब्राझीलने २००९ मध्ये कायदाच केला की शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतील किमान ३० टक्के रक्कम लहान शेतकरी कुटुंबांकडून खरेदीसाठी वापरायची. तिन्ही ठिकाणी सूत्र एकच. अन्न विकत घेणारे सर्वांत मोठे गिऱ्हाईक सरकार आहे, तर त्या खरेदीतून आसपासचा शेतकरी उभा राहिला पाहिजे.

बियाण्यांच्या बाबतीत तयारी जव्हारमध्ये आधीच झालेली आहे. बाएफ संस्थेच्या कामातून इथल्या शेतकऱ्यांनी भात, नागली, वरईचे स्थानिक वाण जपले, निवडले आणि एकमेकांना वाटले. अशा कामाला बळ देण्यासाठी राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला पाच वर्षांसाठी १७२ कोटी ३९ लाख रुपये मंजूर केले. वाण वाचले, आता त्यांना गिऱ्हाईक हवे. ऑगस्टमधल्या रानभाजी महोत्सवात शेवळी, कुर्डू, टाकळा, करटोलीच्या पाककृतींचे फोटो सगळे काढतात. त्या रानाची मालकी आणि अंगणवाडीची खरेदी या दोन गोष्टींचा संबंध मात्र क्वचितच जोडला जातो.

मग ग्रामसभेच्या हातात नेमके काय आहे?

जव्हार आणि मोखाडा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. २०११च्या जनगणनेनुसार जव्हारची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार, मोखाड्याची सुमारे ८३ हजार आणि दोन्हीकडे ९० टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी. इथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि राज्याने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. त्यानुसार गौण वनोपज, गावचा बाजार, छोटे जलसाठे, सावकारी आणि दारूविक्री यांवर ग्रामसभेचा शब्द चालतो. या प्रत्येक गोष्टीचा धागा अन्नाशी जुळतो. वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेल्या गावाला मोह, कंद, रानभाज्या, बांबू यांचे नियोजन करता येते.

पैसाही आहे. आदिवासी उपयोजनेच्या निधीतील पाच टक्के रक्कम २०१५ पासून पेसा ग्रामपंचायतींना थेट, अबंध स्वरूपात मिळते. ती कशावर खर्च करायची हे ग्रामसभेने ठरवायचे. ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यातही महिला-बालकल्याणासाठी आणि आरोग्य, शिक्षण, उपजीविकेसाठी ठरावीक वाटा राखायचा असतो. एका गावासाठी ही रक्कम फार मोठी नसते. पण वरई-नागली भरडण्याचे यंत्र, बचत गटाचे कुक्कुटपालन, अंगणवाडीच्या परसबागेसाठी पाण्याची टाकी, आषाढासाठी धान्य कोष, अडलेल्या हप्त्याच्या काळात आहार समितीला फिरती उचल, एवढे त्यातून उभे राहू शकते. यातील एखादे काम हाती घ्यायला नवी योजना लागत नाही, ठराव लागतो.

मग ठराव रस्ते, गटारे आणि सभामंडपांचेच जास्त का होतात? बांधकामाचे अंदाजपत्रक तयार मिळते, ठेकेदार तयार असतो, काम डोळ्यांना दिसते. अंड्यांचे अंदाजपत्रक कसे करायचे, हे ग्रामसेवकाला कोणी शिकवलेले नसते. शिवाय अंगणवाडी महिला-बालविकास विभागाची, रेशन पुरवठा विभागाचे, आश्रमशाळा जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची, शेती कृषी विभागाची. अन्न नावाचे खाते कोणाकडेच नाही. ब्राझीलमधील बेलो होरिझोन्ते शहराने १९९३ मध्ये नेमके तेच केले. अन्नासाठी स्वतंत्र खाते काढून बाजार, शाळा आणि स्वस्त भोजनालये एका छताखाली आणली. इथे तालुका पातळीवर ते काम पंचायत समितीला करता येईल.

एक अडचण मात्र दिनदर्शिकेची आहे. ग्रामसभा प्रामुख्याने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होऊन हिवाळ्यात पूर्ण होते. म्हणजे ज्या कुटुंबांच्या मुलांचा हा प्रश्न आहे, ती आराखडा मंजूर होताना भट्टीवर असतात, १ मेलाही बरीचशी तिथेच असतात. बाहेर गेलेल्या माता-बालकांचा आहार तुटू नये म्हणून राज्याने स्थलांतराची ऑनलाइन नोंद ठेवणारी प्रणाली आणली, पालघरमध्येही तिची चाचणी झाली. नोंद झाली तर भिवंडीच्या अंगणवाडीत मुलाला आहार मिळू शकतो. त्याच्या आईला गावच्या ग्रामसभेत हात वर करता येत नाही. ती गावात असते १५ ऑगस्टला, कणगी रिकामी असताना. पेसाच्या नियमांत पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊन आपली ग्रामसभा भरवता येते, आणि ती कोणत्या महिन्यात जास्त वेळा भरवायची हे पाडाच ठरवू शकतो.