दर्यातल्या पवनचक्क्या



वारा ही काही पेण-रोह्याच्या माणसाला नवी चीज नव्हे. धरमतरच्या खाडीत शिडाची गलबते चालत, तेव्हा मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घर गाठायचे, हा तांडेलांचा ठरलेला हिशोब असे. खळ्यावर भात उपणायचे म्हटले तरी वाऱ्याचीच वाट पाहावी लागते. आणि हाच वारा ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ होऊन रायगडच्या किनाऱ्यावर आला, तेव्हा घरांवरचे पत्रे उडाले, सुपारीच्या बागा झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले. कित्येक गावांनी अनेक रात्री अंधारात काढल्या. आता हाच वारा समुद्रात पकडून त्याची वीज करायची विद्या जगात चांगली रुजली आहे. ती कशी, ते आज पाहू.

पहिला प्रश्न असा की, जमिनीवर जागा असताना समुद्रात कशाला जायचे? आपल्या राज्यात साताऱ्याच्या पठारांवर पवनचक्क्या आहेतच. पण जमिनीवर डोंगर, झाडे, घरे वाऱ्याला अडवतात. समुद्रावर तो मोकळा आणि एकसारखा वाहतो. शिवाय वाऱ्याचे गणित मोठे गमतीचे आहे. वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. पात्याची लांबी दुप्पट केली, तर चौपट जागेतला वारा हाती लागतो. म्हणून जोराच्या वाऱ्यात, लांब पात्यांची चक्की, हा या धंद्याचा मूळ मंत्र. एवढाली पाती घाटरस्त्याच्या वळणांवरून नेणे कठीण, जहाजावरून नेणे त्यामानाने सोपे.

समुद्रातली पहिली पवनचक्क्यांची रांग डेन्मार्क देशात विंडेबी येथे १९९१ साली उभी राहिली. अकरा चक्क्या होत्या, आणि सगळ्यांची मिळून शक्ती पाच मेगावॅटसुद्धा भरत नव्हती. २०१७ साली त्या काढून टाकल्या. २०२२ साली इंग्लंडच्या किनाऱ्यापासून सुमारे ८९ किलोमीटर आत ‘हॉर्नसी दोन’ पुरी झाली. तिथे १६५ चक्क्या, प्रत्येकी आठ मेगावॅटची. एकेक पाते ८१ मीटर लांब! आपल्या भिऱ्याच्या वीजघरात मुळशीचे पाणी जी यंत्रे फिरवते, त्यांची शक्ती तीनशे मेगावॅट. त्यावरून अंदाज करा.

आता बांधकामाकडे वळू. खारबांध घालणाऱ्याला ठाऊक आहे की, वरची माती कितीही चोपली तरी खाली चिखल लेचापेचा असेल, तर पहिल्या उधाणाला खांड पडते. इथेही तेच. आधी समुद्राच्या तळाला भोके पाडून माती तपासतात आणि वर्ष-दोन वर्षे वारा मोजतात. मग पोलादाचा प्रचंड पोकळ खांब, सात-आठ मीटर रुंदीचा, यांत्रिक घणाने तळात खोल ठोकतात. हे काम करणारे जहाज आपले लांब पाय तळावर रोवून स्वतःला पाण्याच्या वर उचलून घेते, म्हणजे लाटांनी हलत नाही. त्या खांबावर मनोरा, मनोऱ्यावर यंत्र आणि यंत्राला तीन पाती. खांबाच्या बुडाशी प्रवाह माती कोरतो, म्हणून भोवती दगड टाकतात, जसा आपण बांधाच्या अंगाला दगडी अस्तर देतो. पाणी साठ मीटरांहून खोल असले की असा खांब सहसा परवडत नाही. तिथे तरंगत्या पायावर, साखळदंडांनी नांगरलेल्या चक्क्या लागतात. स्कॉटलंडजवळ २०१७ पासून तशा पाच आहेत. तयार झालेली वीज तळात पुरलेल्या जाड केबलमधून किनाऱ्यावर येते.

भर समुद्रात पोलाद रोवणे आपल्यालाही अपरिचित नाही. ‘सागर सम्राट’ जहाजाने १९७४ साली मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले. तिथल्या फलाटांवरून तेल-वायूचे नळ तळातून शेजारच्या उरणला आले आहेत.

मग आपल्या किनाऱ्यावर पवनचक्क्या का नाहीत? केंद्र सरकारने २०१५ साली समुद्री पवनऊर्जेचे धोरण जाहीर केले. पाहणीत गुजरात आणि तामिळनाडू यांच्याजवळचा वारा सरस ठरला. २०२४ साली त्या दोन राज्यांपुढच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी सरकारी मदत मंजूर झाली. कोकणचा वारा पावसाळ्यात दांडगा, पण एरवी बराच मंद. आणि जेव्हा तो दांडगा असतो, तेव्हा होडीने दुरुस्तीला जाणे अवघड. शिवाय वारा काही आपल्या सवडीने वाहत नाही. त्यासाठी वीज साठवण्याची सोय हवी. भिऱ्याला तशी एक सोय आहे: जादा वीज असेल तेव्हा पाणी उलटे वर चढवायचे आणि गरज पडली की खाली सोडायचे.

उद्या कधी हे काम इकडे आले, तर एक गोष्ट विसरू नये. भिऱ्याची वीज ज्या पाण्यावर होते, त्या मुळशीच्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. त्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता. समुद्राला सातबारा नसतो, म्हणून तो कोणाचाच नाही असे नव्हे. कोळ्याचे जाळे जिथे पडते, ते त्याचे शेत. खांब ठोकताना होणारा आवाज माशांना त्रास देतो. तो कमी करण्यासाठी भोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा धरण्याची रीत आहे. होड्यांना वाट कुठून, जाळी कुठे टाकायची, नुकसान कोण भरून देणार, हे पहिला खांब ठोकण्याआधी गावात बसून ठरले पाहिजे. नंतर ठरवू म्हटले की ते राहूनच जाते.

गुरुजींना एक सुचवावेसे वाटते. बादलीत ओली वाळू भरून दोन काठ्या रोवा, एक उथळ, एक खोल. वरून तांब्याने पाण्याची धार सोडा. कोणती काठी आधी कलते आणि बुडाशी खड्डा कसा पडतो, ते मुलांना बघू द्या. मग दुसऱ्या काठीभोवती खडे रचून पुन्हा धार सोडा. पायाचे महत्त्व मुले आपणच सांगतील, आणि घरी जाऊन बांधाकडेही नव्या नजरेने पाहतील.