देशी बदामाचं गळलेलं पान आणि फिश टँक

लिंबागणेशमध्ये फायटर मासा पाळणाऱ्यांनो, देशी बदामाची तांबडी होऊन गळलेली पानं झाडून जाळू नका. थायलंडमध्ये फायटर पाळणारे हीच पानं पाण्यात टाकत आलेत, आणि आपल्याकडे लोक ती ऑनलाइन विकत घेतात!

पान तोडायचं नाही. आपोआप गळलेलं, वाळून तपकिरी झालेलं, फवारणी न झालेल्या झाडाचं घ्या. धुवून टाका, 20-30 लिटरला एक मोठं पान पुरे. आधी तरंगतं, दोन-तीन दिवसांत तळाशी बसतं आणि पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो. हा टॅनिनचा रंग. ते बुरशीला थोडाफार आवर घालतं. टँकमध्ये कोळंबी असेल तर पानावरचा बुळबुळीत थर ती आवडीने खाते.

पण आपलं बोअरचं पाणी जड. त्यातले बायकार्बोनेट पानातून उतरणारं आम्ल पचवून टाकतात, म्हणून रंग आला तरी पीएच फारसा उतरत नाही. उतरवायचाच असेल तर पावसाचं किंवा आरओचं पाणी मिसळा.

कडुनिंबाचं पान मात्र अजिबात नको. त्यातलं कीटकनाशक द्रव्य कोळंबीच्या जिवावर उठतं. बदामाच्या पानाची नुसती जाळी उरली की काढा, नवं टाका.