गोदावरीच्या मुखाशी

नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी सुमारे १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. धवळेश्वरमच्या खाली तिचे गौतमी व वसिष्ठ असे दोन मुख्य फाटे होतात. गौतमीच्या मुखालगत, काकीनाडा शहरापासून जवळच, कोरिंगाचे अभयारण्य आहे. १९७८ साली स्थापन झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे २३५ चौरस किलोमीटर असून त्यात खारफुटीची दाट वने, चिखलाची मैदाने आणि खाड्या यांचा समावेश होतो. तेलुगू भाषेत अशा वनांना ‘मड अडवुलु’ म्हणतात.

दलदलीतून चालणे सुलभ व्हावे म्हणून वनात फळ्यांची उंच वाट बांधलेली आहे. लहान मुले व वृद्ध मंडळीही तिच्यावरून सहज फिरू शकतात. मात्र येथे येणाऱ्याने घड्याळापेक्षा भरती-ओहोटीकडे अधिक लक्ष द्यावे लागते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. म्हणून काल सकाळी जे दृश्य दिसले, ते आज त्याच वेळी दिसेलच असे नाही. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी विसाव्याच्या जागी निघून जातात. ओहोटी लागून चिखल उघडा पडू लागतो, तेव्हा पक्षी पाण्याच्या काठाकाठाने चरत येतात. निरीक्षणाला हीच वेळ सर्वांत चांगली.

वाटेवर प्रथम नजरेत भरतात ती झाडांची मुळे. तिवराच्या भोवती पेन्सिलीसारखी असंख्य श्वसनमुळे चिखलातून वर आलेली असतात. त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. तो या मुळांवाटे झाडाला मिळतो. तिवराच्या पानांवर हात फिरवला तर मिठाचे कण बोटांना लागतात. शोषलेल्या पाण्यातील जादा मीठ झाड पानांवाटे बाहेर टाकते. कांदळाचे बी तर झाडावरच रुजते आणि लांबट रोप होऊन खाली पडते.

फळ्यांवर पावले वाजली की खालचा चिखल क्षणात ओस पडतो. खेकडे बिळात शिरतात, निवट्या उड्या मारीत दूर जातात. त्यामुळे नवख्या पाहुण्याचा ‘येथे काहीच नाही’ असा समज होतो. परंतु मुलांना पाच-दहा मिनिटे निश्चल उभे राहण्यास सांगावे, म्हणजे बिळांच्या तोंडाशी हालचाल सुरू होते. एक नांगी प्रचंड मोठी असलेला नर खेकडा ती वरखाली हलवून मादीला बोलावतो आणि प्रतिस्पर्ध्याला इशारा देतो. निवट्या हा मासा असूनही पाण्याबाहेर वावरतो; त्वचा ओली असेल तोवर तिच्यावाटेही त्याला श्वास घेता येतो. म्हणूनच तो अधूनमधून चिखलात लोळतो.

हिवाळ्यात उत्तरेकडून स्थलांतर करून आलेले पक्षी येथे उतरतात. त्यांच्या चोचींची तुलना मुलांना करायला लावावी. लांब, वाकड्या चोचीचा पक्षी खोलवरचे किडे व खेकडे ओढून काढतो. आखूड चोचीचे चिखले पृष्ठभागावरचेच भक्ष्य टिपतात. एकाच चिखलावर अनेक जातींचा निर्वाह कसा होतो, याचे उत्तर त्यातून मिळते.

येथील मासेमार मांजर रात्री हिंडते, त्यामुळे ती दिवसा क्वचितच दृष्टीस पडते. तथापि चिखलावरील ठसे वाचता येतात. मांजराच्या ठशात चार बोटे उमटतात, पाणमांजराच्या ठशात पाच. माशांचे खवले व खेकड्यांच्या कवचाचे तुकडे असलेली विष्ठा आढळली, तर तेथून पाणमांजरे गेली असे अनुमान करण्यास हरकत नाही.

हे सारे जीवन ज्या चिखलावर उभे आहे, तो नदीने आणलेला आहे. दख्खनच्या पठारावरील काळी मातीही त्यात मिसळलेली आहे. काकीनाड्याच्या उपसागराला लाटांपासून आडोसा देणारे होप बेट हेही नदीने आणलेल्या वाळूचेच बनलेले आहे. १८५२ मध्ये धवळेश्वरमचा बंधारा पूर्ण झाला. पुढे वरच्या खोऱ्यात अनेक धरणे झाली. १९७६ मध्ये पैठणजवळ पूर्ण झालेले जायकवाडी हे त्यांपैकी एक. या धरणांनी शेतीला व शहरांना पाणी दिले, परंतु पाण्याबरोबर गाळही अडवला. समुद्रापर्यंत पोहोचणाऱ्या गाळात मोठी घट झाली आहे. त्रिभुज प्रदेशातील किनाऱ्याची झीज होण्याचे ते एक प्रमुख कारण मानले जाते.

उधाणाचा व वादळाचा जोर खारफुटीच्या मुळांत बराच कमी होतो. २५ नोव्हेंबर १८३९ च्या चक्रीवादळात समुद्राच्या लाटेने कोरिंगा बंदर उद्ध्वस्त केले, हा या किनाऱ्याचा इतिहास आहे. म्हणून फळ्यांच्या वाटेवर वाकून खेकडे मोजणाऱ्या मुलाला एवढे अवश्य सांगावे, की त्याच्या पायाखालचा हा चिखल शेकडो कोस चालून येथे आला आहे आणि तो येत राहिला, तरच हे वन टिकणार आहे.