टाकीत उतरण्यापूर्वी

कारखान्यातला सेफ्टी ऑफिसर म्हणजे हेल्मेटसाठी मागे लागणारा माणूस, असा अनेकांचा समज असतो. त्याचे खरे काम अपघात होण्याआधीचे असते. सांडपाण्याची टाकी साफ करायची असेल, तर आतली हवा तपासल्याशिवाय कुणालाही उतरू न देणे, हे त्यातलेच एक.

अशा बंद टाकीत कुजणाऱ्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. तो थोडा असताना कुजक्या अंड्यांसारखा वास येतो; प्रमाण फार वाढले की नाक बधिर होते व वास येईनासा होतो. म्हणून वास गेला म्हणजे धोका टळला असे समजू नये. एक-दोन श्वासांतही माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही दगावतो. असा रुग्ण दवाखान्यात येईपर्यंत आम्हा डॉक्टरांच्या हाती बहुधा काही उरत नाही.

१९७६ च्या दुरुस्तीने हजार कामगारांच्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी सक्तीचा झाला. २०२० च्या संहितेने ही मर्यादा ५०० वर, धोकादायक उद्योगांत २५० वर आणली. लहान कारखान्यात ही जबाबदारी मालकाने किंवा मुकादमाने घ्यावी.

१) ब्लोअरने ताजी हवा आत सोडावी व वायुमापकाने तपासावी.
२) उतरणाऱ्याला पट्टा व दोर बांधावा, वर माणसे ठेवावीत.
३) कोणी कोसळल्यास दोरानेच ओढावे, आत उतरू नये, ११२ ला फोन करावा.
४) तोंडाला बांधलेला रुमाल वायू अडवत नाही.

घरच्या संडासाच्या टाकीत तर माणूस उतरवूच नये. ती यंत्रानेच उपसून घ्यावी.